दुसऱ्यांची घरं लावून देण्याचं काम: यश मोजायचं कशात?

कोनाडा
पैसे घेऊन घर लावून देणारी माणसं आता पुण्या-मुंबईत दिसू लागली आहेत. हे पडदे-झुंबरांचं काम नव्हे. ओट्यावर हात कुठवर पोचतो, कपाटात कुणाचा कप्पा कुठला, सकाळी सातला बाथरूमसमोर रांग का लागते, हे बघून जागा सुधारून द्यायची. माझं मत असं की घरातल्या बऱ्याचशा कुरबुरी स्वभावामुळे नाही, जागेमुळे होतात. म्हणून हे काम मोलाचं वाटतं.
पण यात यश कशाला म्हणायचं? आधी-नंतरचे फोटो छान आले म्हणून? पुढची कामं मिळाली म्हणून? सुतारकाम, अंतर्गत सजावट, घर आवरून देणं यातल्या जाणकारांनी लिहावं. सुरुवात कशी करावी, कुठे बिघडतं, पैसे कसे घ्यावेत, हे तपशिलात आलं तर नवीन लोकांना उपयोग होईल.

मोजपट्टी
चांगला विषय. पहिल्या दिवशी एकाही वस्तूला हात लावायचा नाही. नवखी माणसं आल्या आल्या कपाट रिकामं करतात, आणि दुपारपर्यंत पलंगावर डोंगर झाला की घरातल्यांचा धीर सुटतो.
आधी सकाळी साडेसहा ते नऊ तिथे बसून बघावं. कोण कुठून कुठे जातं, कुठे दोघं एकमेकांच्या वाटेत येतात, डबा भरताना झाकण शोधायला किती वेळ जातो. मग मोजणी. वहीत चार रकाने: वस्तू, वापरतं कोण, किती वेळा, सध्या कुठे आहे. वाट्या, पातेली, साड्या, चपला, शाळेची दप्तरं, सगळं मोजायचं. अंदाज हमखास चुकतो. ‘दहा-बारा’ सांगितलेल्या साड्या चाळीस निघतात.
जागा ठरवताना नियम सोपा. रोजची वस्तू गुडघा ते खांदा या पट्ट्यात, म्हणजे जमिनीपासून साधारण २० ते ५२ इंचांत. आठवड्याला लागणारी त्याच्या खाली किंवा वर. वर्षातून एकदा लागणारी माळ्यावर. जड वस्तू मात्र कधीही खांद्याच्या वर नको, मग ती वर्षातून एकदा लागणारी का असेना. पुरणयंत्र आणि पितळी पातेली माळ्याऐवजी ओट्याखालच्या कोपऱ्यात गेली तरी चालतील.

केतकी_ठाणे
वाचतेय. ‘जागेमुळे कुरबुरी’ शंभर टक्के पटलं.

रंधा
सुताराच्या बाजूने लिहितो. बिघडतं ते मापात.
भिंत काटकोनात आहे असं धरून चालू नका. रुंदी तीन उंचीवर घ्या (खाली, मधे, वर) आणि सगळ्यांत लहान माप धरा. त्यातून दोन्ही बाजूंना मिळून १० मिमी सोडा, ती फट नंतर पट्टीने बंद होते. कपाटाच्या जागेचे दोन्ही कर्ण मोजा. फरक अर्ध्या इंचाच्या वर असेल तर कपाटाची बाजू भिंतीप्रमाणे कापावी लागेल, हे आधीच सांगून ठेवा.
१८ मिमीच्या प्लायची फळी तीन फुटांपेक्षा लांब ठेवली की मधे वाकते. पुस्तकं किंवा धान्याचे डबे असतील तर अडीच फुटांवरच उभा आधार द्या. दाराला बिजागऱ्या: तीन फुटांपर्यंत दोन, पाचपर्यंत तीन, सात फुटी दाराला चार. लोक इथे शंभर-दीडशे रुपये वाचवतात आणि वर्षभरात दार खाली येतं. मग ते घासतं, मग कुणी तरी ते आदळून लावतं, आणि घरात आवाज चढतो. कोनाडा म्हणतात ते हेच.
सिंकखालच्या पेटीला आयएस ७१० शिक्क्याचाच (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही बंद करा, कारण पाणी कडेतून शिरतं. ती पेटी जमिनीला टेकवू नका. चार इंची पाय द्या, खाली फडकं फिरलं पाहिजे.

सांगलीकर
रंधादादा, ओट्याची उंची किती ठेवायची तेही सांगा. आमच्याकडचे मिस्त्री डोळे मिटून ३४ इंच करतात.

रंधा
@सांगलीकर, ३४ वाईट नाही, पण कुणासाठी ते विचारा. ओट्याशी रोज उभं राहणाऱ्या माणसाला उभं करून कोपर वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची उंची मिळाली. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३१ ते ३४. शेगडी मात्र आपणच चार-पाच इंच उंच, त्यावर कढई. ढवळताना खांदा वर जातो आणि मानेचं दुखणं लागतं. जमत असेल तर शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली घ्या. पोळ्या लाटायला तर जोर लागतो, ती जागा आणखी खाली हवी. ओट्याखाली ३० इंचांवर बाहेर ओढायची मजबूत फळी केली की पोळपाट तिथे मावतो.
आणि माप पोळ्या करणाऱ्या व्यक्तीचं घ्या. चेकवर सही करणाऱ्याचं घेऊन काय उपयोग?

निशिगंध
रंधा, शेवटच्या दोन वाक्यांना +१००. पुष्कळ घरांत सगळी चर्चा बाहेरच्या खोलीत पुरुषमाणसांशी होते आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई चहा आणून देते. घर लावणाऱ्याने आपणहून आत जाऊन विचारायला हवं. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांनाही. ताट कुठे, तूप कुठे, हे त्यांनाच रोज शोधावं लागतं.

गवतीचहा
एक थोडं वेगळं मत. मोजमाप ठीक आहे, पण खरा उपाय वस्तू कमी करणं हाच नाही का? अर्धं सामान काढून टाकलं तर कुठलंही घर आपोआप नीट दिसतं.

मोजपट्टी
@गवतीचहा, दिसतं खरं, पण टिकत नाही. आपल्या घरांत वस्तू एका माणसाच्या नसतात. सुनेने सासूबाईंचा डबा ‘जुना’ म्हणून काढला किंवा सासूबाईंनी सुनेची पुस्तकं रद्दीत दिली, की जागा मिळते आणि माणसं दुरावतात. म्हणून नियम एकच: ज्याची वस्तू, त्याचाच निर्णय. घर लावणाऱ्याने ‘हे टाका’ असं म्हणायचंच नाही. ‘ही कुठे लागते, शेवटची कधी काढली’ एवढंच विचारायचं. उत्तर नाही आलं तर खोक्यात घालून वर तारीख लिहायची आणि सहा महिने माळ्यावर. मग मालक स्वतः ठरवतो.
सामाईक वस्तूंचं बघाल तर आधी दुहेरी गोष्टी वेगळ्या काढाव्यात. चार किसण्या, तीन चहाच्या गाळण्या. त्यावर कुणाचं मन अडकलेलं नसतं.

आजीची_फोडणी
प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली पिशवी मात्र कुणीही कमी करायची नाही हं! ती लागतेच :)
आता कामाचं. डबे घेताना किलो बघून घेऊ नका, लिटर बघा. पाच किलो तांदूळ साडेसहा लिटरच्या डब्यात बसतात, पाच किलो कणकेला नऊ लिटरच्या आसपास लागतं. पातळ पोह्यांना तेवढ्याच वजनाच्या तांदळाच्या तिपटीहून जास्त जागा. सगळे डबे एकसारखे आणले की फोटो सुंदर येतो, पण पोहे वर पिशवीत लोंबकळतात आणि मोहरीच्या डब्यात तळाला मूठभर मोहरी.
डाळी वर्षाच्या भरायच्या तर कडकडीत उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर, किलोला एक छोटा चमचा एरंडेल चोळून भरा. गरम असताना झाकण लावलंत तर आत घाम धरतो आणि जाळी होते. तांदळाला तेल नको, कडुलिंबाचा सुकलेला पाला घाला. पाऱ्याच्या गोळ्या कृपा करून कुणी वापरू नका.
डब्यावर नाव झाकणाला चिकटवू नये, डब्याच्या अंगाला चिकटवावं. झाकणं बदलतात आणि साबुदाण्याच्या जागी वरी निघते.

केतकी_ठाणे
आजी, झाकणाचं लाख मोलाचं. साड्यांबद्दलही सांगा ना कुणी. विशेषतः पैठण्या.

आजीची_फोडणी
जड जरीच्या साड्या हँगरला टांगू नका, वजनाने घडीवर ताण येऊन तिथेच विरतात. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून आडव्या ठेवा. एका चवडीत आठाच्या वर नकोत. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून उलटी घाला. डांबरगोळी जरीला लागता कामा नये, आणि अत्तराचा फवारा साडीवर कधीच नको, जरीची तार काळी पडते.

मोजपट्टी
यात एक माप जोडतो. घडीच्या कपड्यांना १८-१९ इंच खोली पुरते. जुनी लोखंडी कपाटं ७८ इंच उंच, ३६ रुंद आणि १९ खोल असायची ती काही उगीच नाही. हँगर आडवा टांगायचा तर आतून २२ इंच लागतात. साड्याच जास्त असलेल्या घरात सरसकट २४ इंची कपाट केलं की मागच्या पाच इंचांत दुसरी रांग लागते, आणि मागच्या रांगेतली साडी कुणी नेसत नाही.

भरतीओहोटी
कोकणपट्टी आणि मुंबईसाठी दमटपणाचा मुद्दा घ्या. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट केलं तर जुलैत मागे बुरशी येणारच. दोन इंच फट सोडा, कपाटाला खाली आणि वर हवेची भोकं ठेवा. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधा (वरच्या मजल्याचं बाथरूम, खिडकीची कड, बाहेरचा पाइप), ती बंद करा, भिंत पुरती वाळू द्या, मगच पुट्टी आणि रंग. ओल्या भिंतीवर कितीही महाग रंग चढवा, पुढच्या पावसात पापुद्रे निघतात, आणि नाव तुमचं खराब होतं.
ओल शोषणाऱ्या डब्या कपाटात ठेवता तेव्हा तळाच्या कप्प्यात ठेवा आणि साचलेलं पाणी वेळेवर ओता. ते खारट पाणी चामड्यावर सांडलं की पर्स गेली.

उंबरठा
मी सकाळच्या रांगेबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्नात तो सगळ्यांत खरा मुद्दा आहे.
जुन्या मुंबईच्या घरांत संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये असे. एकाच वेळी तीन माणसांची सोय. आता नूतनीकरणात मधली भिंत पाडून एकच मोठं चकचकीत बाथरूम करतात. पाच माणसांच्या घरात ही मोठी चूक आहे. एक माणूस आत गेला की चौघं बाहेर. भिंत पाडू नका. उलट एकत्र बाथरूम असेल तर निदान बेसिन आणि आरसा बाहेर काढा. बेसिनची कड ३२ इंचांवर, वर प्रत्येकाचा ब्रश-कंगव्याचा वेगळा खण.
फरशी बदलली तर पाणी निघायला मीटरला १० मिमी उतार हवा. फरशी बसवण्यापूर्वी जाळी बंद करून किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घराचं छत जाऊन बघा. तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरात सुख आणि खालच्यांकडे ठिबक, हे चालणार नाही. सोसायटीची लेखी परवानगी आधी. खांब, तुळई, भार घेणारी भिंत यांना हात लावायचाच नाही.
घरात वृद्ध असतील तर कमोडजवळ ३३ ते ३६ इंचांवर धरायचा दांडा लावा, तोही भिंतीत पक्क्या बोल्टने. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं करा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

फिलाडेल्फियाकर
अवांतर: इथल्या भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची सोय नसते आणि फोडणीला धुराचा भोंगा वाजतो. मराठी घर लावायचं तर शेगडी लावण्याआधी पंखा सुरू, खिडकी उघडी, आणि मिरची-मोहरी जाड बुडाच्या कढल्यात मंद आचेवर. भोंगा काढून ठेवणं किंवा त्यावर पिशवी बांधणं धोक्याचं आहे, ते करू नये. उभ्या मांडणीला भोक न पाडता जमीन आणि छताच्या मधे दाबून घट्ट बसणारे खांब मिळतात, पण त्यावर डाळींचे डबे नकोत, हलकंच सामान ठेवा.

वडाचापार
वास्तूचं काय? निम्मी गिऱ्हाइकं पहिला प्रश्न तोच विचारतात. देवघर ईशान्येला, शेगडी आग्नेयेला. हे नाकारलं तर काम जातं, आणि मानलं तर ओटा दारातच येतो.

गवतीचहा
शास्त्र म्हणून त्याला आधार नाही हे स्पष्ट सांगावं की. कुणाच्या भीतीवर धंदा करणं बरोबर नाही.

निशिगंध
भीती घालून पैसे काढू नयेत याबाबत दुमत नाही. पण घर त्यांचं आहे. आजीला ईशान्येला देव हवेत आणि तिथे जागा आहे, तर वाद कशाला? पहिल्याच भेटीत विचारून घ्या: यातलं तुम्हाला काय पाळायचंय आणि घरात त्यावर कुणाचं दुमत आहे का? दुमत आपण मिटवायचं नाही, आधी घरात ठरू द्यायचं. जे हलवता येतं ते हलवा. पाइप, गॅस आणि वायरिंग दिशेसाठी हलवायला खर्च किती, ते आकड्यात दाखवा. आकडा बघून लोक शांतपणे ठरवतात.
दिशा बघताना फोन लोखंडी कपाटाजवळ किंवा खांबापाशी धरू नका, सुई फिरते. खोलीच्या मधे दोन-तीनदा बघा.
देवघर कुठेही असो, निरांजनाच्या ज्योतीवर दीड-दोन फूट मोकळं हवं आणि मागे फरशी किंवा दगड. लॅमिनेटच्या कोनाड्यात समई लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

भरतीओहोटी
आगीवरून: सिलिंडर ओट्याखाली कपाटात बंद करत असाल तर दाराला तळाशी जाळी ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. नळी दीड मीटरच्या आतली, आणि दर पाच वर्षांनी नवीन. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, तो आत ढकलायला उंबरा ठेवू नका.

सांगलीकर
आता पैशांचं बोला कुणी तरी. दुकानदार आणि सुतार कमिशन देतात. घ्यायचं की नाही?

रंधा
घेऊ नये. कमिशन शेवटी मालाच्या किमतीतूनच जातं, आणि मग बिजागरी हलकी लागते.

चौकट
रंधा, व्यवहार इतका सरळ नाही. नवीन माणसाला लोक सल्ल्याचे पैसे द्यायला तयार नसतात, ‘नुसतं सांगायचे कसले पैसे’ म्हणतात. म्हणून कमिशनवर धंदा चालतो. मी त्याचं समर्थन करत नाही, कारण सांगितलं. निदान जे मिळतं ते गिऱ्हाइकाला उघड सांगावं.

मोजपट्टी
चौकट यांचं कारण खरं आहे, पण उपाय दुसरा आहे. पहिल्या भेटीची ठराविक फी ठेवा आणि त्या भेटीत काही तरी हातात द्या: मापांचा आराखडा आणि न तोडता-फोडता करता येतील असे पाच बदल. मग ‘नुसतं सांगणं’ राहत नाही. पुढचं काम दिवसाच्या हिशेबाने. दोन माणसांना एका स्वयंपाकघराला मोजणीसकट दीड दिवस, एका मोठ्या कपाटाला अर्धा दिवस, असा अंदाज धरा. माल गिऱ्हाइकाने थेट विकत घ्यावा, बिल त्याच्याच नावाचं. सुताराला पैसे टप्प्याने: माल आल्यावर, पेट्या उभ्या राहिल्यावर, दारं लागल्यावर. शेवटचा दहावा हिस्सा महिनाभर राखून ठेवा, दारं बसतात-सरकतात ती त्यातच नीट करून घेता येतात. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापू नका. १९७२च्या कायद्याने तो शब्द नोंदणी असलेल्यांनाच वापरता येतो.

केतकी_ठाणे
मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळींतून पुनर्विकासाच्या नवीन इमारतीत जाणाऱ्या कुटुंबांना ह्या सगळ्याची किती गरज पडेल! १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत. वरळीत २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या, बाकीच्यांचं चालूच आहे.

उंबरठा
केतकीताई, मुद्दा एकदम योग्य. तिथे जागा वाढली म्हणून प्रश्न संपत नाहीत, ते बदलतात. चाळीत एकाच खोलीत सगळ्या वस्तू भिंतीला उभ्या लावलेल्या असतात आणि माणसांचा निम्मा वावर बाहेरच्या गॅलरीत. टॉवरमध्ये दार बंद. म्हाताऱ्या माणसाला येणारं-जाणारं कुणी दिसत नाही. अशा घरात बैठक टीव्हीसमोर लावण्याआधी दाराजवळ किंवा खिडकीशी १७-१८ इंच उंचीची, हात टेकायला दांडा असलेली एक खुर्ची ठेवा. घरातल्या ज्येष्ठांची जागा आधी, मग सोफा.
घाईने सगळं फर्निचर करू नये. दोन-तीन महिने जुनं लोखंडी कपाट आणि दिवाण घेऊन राहावं, मग कळतं कोण कुठे बसतं, अभ्यास कुठे होतो. फक्त वायरिंग आधी करा. एसीच्या पॉइंटला ४ चौरस मिमीची तार, ओट्यावर मिक्सर-मायक्रोवेव्हसाठी पुरेसे प्लग, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाय का ते बघा.

गवतीचहा
मोजपट्टी, उंबरठा, वरचं ‘अर्धं सामान काढा’ हे माझं म्हणणं मी मागे घेते. ज्याची वस्तू त्याचा निर्णय, हे जास्त बरोबर आहे.

कोनाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण मूळ प्रश्न राहिलाच: काम जमलं हे ओळखायचं कसं?

मोजपट्टी
तीन महिन्यांनी, न कळवता नको, पण ‘आवरून ठेवू नका’ असं सांगून जा. फी घेऊ नका. जाऊन चार गोष्टी बघा. ओट्यावर कायमचं काय येऊन बसलंय? त्याला तुम्ही दिलेली जागा चुकली, घर चुकलं नाही. कुठल्या डब्यावरची पट्टी लोकांनी बदलली? ती त्यांचीच योग्य. दाराजवळ चपलांचा ढीग परत झालाय का? मग खण कमी पडला, माणशी चार जोड धरून वाढवा. आणि घरातल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वयस्कर माणसाला पाण्याचा पेला, कात्री आणि औषधाचा डबा आणायला सांगा. कुणालाही न विचारता आणता आला, तर काम जमलं. मग त्या घरातून पुढचं काम आलं नाही तरी हरकत नाही, त्यांना तुमची गरज उरलेली नाही.

रंधा
आणि तेव्हा पिशवीत दोन नंबरचा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर न्या. बिजागरीचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की खाली आलेलं दार सरळ होतं. ते करताना घरातल्या एकाला शेजारी उभं करून दाखवून ठेवा.

आजीची_फोडणी
प्रत्येक कपाटात एक कप्पा रिकामा सोडायचा राहू नये हो. लेक माहेरपणाला येते, तिची बॅग कुठे ठेवणार?